शिंप्याचा उजवा बूट

शिंप्याला डावा पाय होता, घड्याळजींना उजवा होता आणि दोघांचा नंबर एकच होता. एवढ्या भांडवलावर त्यांची मैत्री सुरू झाली आणि पुष्कळ वर्षे टिकली. दोघांत मिळून बुटांचा एक जोड घ्यायचा, डावा शिंप्याने न्यायचा, उजवा घड्याळजींनी. नाड्या दोन निघत, त्यामुळे तिथे वाद नव्हता. खोका मात्र एकच निघे. तो घड्याळजी नेत, कारण सुटी चाके आणि काटे ठेवायला त्यांना खोके लागत. शिंपी दर वेळी दुकानाची पायरी उतरताना म्हणे, की एकदा तरी खोका आपल्याकडे यायला हवा होता. त्याला खोक्याचा काही उपयोग नव्हता, पण म्हटल्यावाचून त्याला राहवत नसे.

जोड निवडताना दोघांचे कधी एकमत झाले, असे बूटवाल्याला आठवत नव्हते. शिंप्याला तपकिरी रंग आवडे, घड्याळजींना काळा. शिंप्याला नाडीचा बूट हवा असे, कारण नाडी आवळली की पाय पकडीत राहतो. घड्याळजींना बिननाडीचा हवा असे, कारण दोन कुबड्या सांभाळत वाकून नाडी बांधणे हे त्यांच्या मते सर्कशीतल्या माणसाचे काम होते. त्यातून शिंप्याचा पाय दिवसभर मशिनच्या पायडलवर. त्याच्या बुटाचा तळ लवकर झिजे. घड्याळजी दिवसभर टेबलापाशी बसून, त्यांचा बूट कालच खोक्यातून काढल्यासारखा. शिंपी म्हणे, नवा जोड घेऊ या. घड्याळजी आपला बूट पुढे करून दाखवत आणि विचारत, याला काय धाड भरली आहे. शेवटी समेट होऊन काळा आणि नाडीचा जोड घेतला जाई. तो दोघांनाही फारसा आवडत नसे, त्यामुळे कोणाला कोणाचा हेवा वाटत नसे. देवाने एकाचा डावा ठेवला आणि दुसऱ्याचा उजवा, त्यात त्याची काही योजना असणारच. मात्र रंगाचे त्याने या दोघांवर सोडून द्यायला नको होते.

ही जोडी जमवली ताईंनी. गावाबाहेर कृत्रिम पाय आणि कुबड्या बनवण्याचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या व्हरांड्यात दर आठवड्याला या मंडळींची बैठक भरे. ताई चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवत. व्हरांड्यातल्या मोठ्या कपाटाची किल्ली त्यांच्या खुर्चीच्या हाताला बांधलेली असे. कपाटात कुबड्यांची रबरी बुडे, खुर्च्यांच्या ट्यूब, अंघोळीची स्टुले, बसायच्या गाद्या, कानातल्या यंत्राचे सेल असे काय काय होते. ज्याला लागेल त्याने न्यायचे, काम झाले की आणून ठेवायचे. वस्तू रिकामी पडलेली ताईंना बघवत नसे आणि माणूसही. नवा माणूस आला की ताई त्याला कसे झाले, केव्हा झाले असले काही विचारत नसत. पायाचा नंबर विचारत. मग खुर्ची मागे घेऊन जरा विचार करत आणि म्हणत, "तुमच्यासाठी एक उजवा आहे माझ्या बघण्यात. स्वभावाने तिरसट आहे, पण बूट जपून वापरतो."

तर असे सगळे सुरळीत चालले होते आणि शिंप्याने पाय करायला टाकला.

तसे कारण साधे होते. कापड बेतायचे तर टेबलापाशी उभे राहायला लागते आणि कात्री चालवायला एक हात, कापड ताणायला दुसरा हात लागतो. शिंप्याचा एक हात कायम कुबडीत. मग कापडाचे दुसरे टोक धरायला बायकोला हाक मारायची. ती हातातले काम टाकून येई, टोक धरी आणि धरल्या धरल्या घरातली एकेक तक्रार सांगे. शिंप्याला तिथून हलता येत नसे. दोन्ही हात मोकळे असावेत, एकट्याने शांतपणे एखादी पँट बेतावी, एवढीच त्याची इच्छा होती. बायकोची इच्छा तर त्याच्याहून मोठी होती.

पण हे घड्याळजींना सांगायचे कसे, तिथे गाडी अडली. घड्याळजींनी फार पूर्वी असा पाय लावून पाहिला होता. त्यांच्या कातडीला तो मानवला नाही. सारखे फोड येत. पुष्कळ दिवस सोसल्यावर त्यांनी पाय कारखान्यात नेऊन दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे व्हरांड्यातल्या ज्याला ज्याला पाय मिळे, तो काही आठवडे बैठकीला येई, चालून दाखवी, मग त्याचे येणे कमी होई आणि एक दिवस तो रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून जाई. घड्याळजी म्हणत, "गेला. दोन पायांच्यात गेला." परदेशी गेलेल्या भाच्याबद्दल बोलावे तसे ते हे बोलत. शिंपी शेजारी बसून हसे. आता ते आपल्याबद्दलही तेच म्हणणार, हे त्याला दिसत होते. पाय मिळाला आणि घड्याळजी गेले तर तो पाय घेऊन जायचे कोणाकडे, हे त्याला कळेना. म्हणून तो रोज ठरवी, की उद्या सांगू.

इकडे कारखान्यात पाय तयार होत आला. तिथल्या कारागिराने निरोप दिला, की येताना दोन्ही बूट घेऊन या. टाचेची उंची बघून पाय बसवावा लागतो, नाहीतर लंगडाल. शिंपी म्हणाला, की तो लंगडतच येणार आहे. कारागीर म्हणाला, की ते ठीक आहे, पण परत जाताना लंगडला तर कारखान्याचे नाव खराब होईल.

आता उजवा बूट होता घड्याळजींच्या पायात.

शिंप्याने डोके चालवले. घड्याळजींच्या दुकानात जाऊन तो म्हणाला, की यंदा दोन्ही बूट एकदम पॉलिश करून घ्यावेत असे त्याला वाटते. एकाच माणसाने केलेले पॉलिश सारखे दिसते. घड्याळजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत आपण दोघे बूट शेजारी ठेवून कधी चाललो आहोत, असे त्यांनी विचारले. तरी मित्राने मागितला म्हणून बूट काढून दिला आणि दिवसभर नुसता मोजा घालून दुकानात बसले. येणारा प्रत्येक जण खाली बघून विचारी, काय झालं. घड्याळजी म्हणत, "पॉलिशला गेलाय." लोक समजुतीने मान डोलावत.

संध्याकाळी बूट परत आला. पॉलिश झकास होते, त्याबद्दल प्रश्न नाही. पण घड्याळजींचा सारा जन्म दुसऱ्याला न दिसणारी धूळ शोधण्यात गेला होता. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि बूट दिव्याखाली धरला. त्यांच्या पावलाची वरची बाजू जरा उंच, म्हणून सगळ्यात वरच्या भोकातून ते कधी नाडी ओवत नसत. ती आता ओवलेली होती. आतल्या बाजूला पायाला चोळतात तसली पांढरी भुकटी लागली होती. घड्याळजींनी भिंग काढले, पुसले, पुन्हा लावले आणि पुन्हा पाहिले. संशयाला जागा नव्हती. त्यांच्या बुटात दुसऱ्या कोणाचा तरी पाय जाऊन आला होता.

बोलून दाखवणाऱ्यांतले ते नव्हतेच. फक्त दुसऱ्या दिवशी शिंपी गप्पा मारायला आला तेव्हा त्यांनी बूट टेबलाखाली आत ओढून घेतला.

कारागिराने पुन्हा बोलावले. आता चालायचा सराव करायचा होता, म्हणजे बूट रोजच लागणार. रोज पॉलिश करतो म्हणण्याची शिंप्याची छाती नव्हती. एकटा उजवा बूट जगात कोणी विकत नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार. शेवटी तो बूटवाल्याकडे जाऊन अगदी तसलाच एक अख्खा जोड घेऊन आला. बूटवाल्याने सवयीने दोन पिशव्या काढल्या. शिंपी म्हणाला, एकाच पिशवीत टाका. बूटवाला थबकला. घड्याळजींची तब्येत बरी आहे ना, असे त्याने हळू आवाजात विचारले. बरी आहे म्हटल्यावर त्याला आणखीच कोडे पडले, आणि त्या गोंधळात त्याने खोकाही शिंप्यालाच देऊन टाकला. ज्या खोक्यासाठी इतकी वर्षे तोंड वाजवले, तो हातात आला तेव्हा शिंप्याला तो शर्टाखाली लपवून घरी आणावा लागला.

शिंप्याची बायको मोठी व्यवहारी. खोका मजबूत आहे हे बघून तिने त्यात बटणे ओतली आणि तो फळीवर ठेवला. बूट ठेवले कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात, पडद्याआड.

असेच एकदा घड्याळजी आले. बसता बसता त्यांची नजर फळीवर गेली. तीच कंपनी, तोच नंबर. त्यांनी वहिनींना विचारले, हा खोका कुठला. वहिनी म्हणाल्या, बटणांचा. घड्याळजी हो म्हणाले. मग त्यांनी मनाशी जुळवले, की खोका आहे तिथे जोड असलाच पाहिजे. त्यांनी आपली कुबडी सावकाश लांबवली आणि तिच्या टोकाने पडदा बाजूला सारला.

दोन्ही बूट शेजारी शेजारी उभे होते. टाचेला टाच लावून.

दुसऱ्या कोणाला त्यात काही वाटले नसते. बूट जिथे ठेवतात तिथे दोन असतात. पण घड्याळजींचा चेहरा असा झाला, की वहिनींनी आधी जाऊन पाणी आणले.

"हा डावा तुझा," घड्याळजी म्हणाले.

"हो," शिंपी म्हणाला.

"आणि हा उजवा?"

शिंपी खडूने कापडावर रेघ ओढत राहिला. रेघ कापड संपून टेबलावर गेली. तेव्हा नवऱ्याची दया येऊन वहिनी मध्ये पडल्या. "गिऱ्हाइकाचा आहे, भावजी. पँटची उंची बघायला म्हणून ठेवून गेलेत."

"एकच?"

"एकच," वहिनी म्हणाल्या, आणि वेळ निभावून नेल्यासारखे त्यांना वाटले.

याच्याहून वाईट थाप शोधून सापडली नसती. जो माणूस एकटा उजवा बूट ठेवून जातो त्याला एकटा उजवा पाय असतो, हे घड्याळजींना कोणी समजावून सांगायला नको होते. नंबरही बघायला नको होता. तो खोक्यावरच होता.

"कधीपासून चाललंय हे, मास्तर?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला वाटतंय तसं काही नाहीये."

"सगळे असंच म्हणतात," घड्याळजी म्हणाले आणि कुबड्या उचलल्या. दारातून त्यांनी एवढेच विचारले, की रंगावरून त्या दुसऱ्याचे काही म्हणणे नसते का. खरे तर तिथेच सगळे सांगून टाकता आले असते. पण जे सांगायचे होते ते घड्याळजींना या संशयाहूनही जास्त लागेल, असे त्या भल्या माणसाला वाटले. तो गप्प राहिला आणि गप्प राहिल्याने गुन्हा शाबीत झाला.

घड्याळजी थेट ताईंकडे गेले. तोंडाने त्यांनी एवढेच सांगितले, की मास्तरने दुसरा उजवा धरला आहे. ताईंनी हळहळ व्यक्त केली. अशी जुनी जोडी मोडावी, याचे त्यांना खरेच वाईट वाटले. पण हळहळ संपायच्या आतच त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली.

"म्हणजे तुमचा उजवा मोकळा झाला म्हणा की."

घड्याळजी म्हणाले, की तसे बघितले तर झाला. ताईंनी खुर्ची जरा मागे घेतली. एक बँडवाले होते. बँडच्या गाडीवर बसून ड्रम वाजवत. डावा पाय, नेमका तोच नंबर, आणि उजवे बूट घरात नुसते साठून राहिलेले. घड्याळजी रागात होते. रागाच्या भरात माणसे लग्ने करतात, ही तर साधी बुटाची गोष्ट. त्यांनी हो म्हटले आणि रंग कोणता, हे विचारायचे राहिले.

रंग पांढरा होता. बँडच्या गणवेशाचा बूट तो. आरशासारखा चकचकीत, टाच जराशी उंच आणि वर ताटलीएवढे सोनेरी बक्कल. त्यात वाद घालायला जागा नव्हती, बँडचा नियमच होता. घड्याळजींसारखा गंभीर माणूस, करड्या रंगाची पँट, वरपर्यंत बटणे लावलेला सदरा, आणि खाली एवढा एकच पांढरा बूट. तो लांबून त्यांच्या आधी दिसे. दुकानात आलेले गिऱ्हाईक घड्याळाचे विसरून बुटाकडे बघत राही. एका बाईंनी तर, साहेब वाजवता काय, असे प्रेमाने विचारले.

पण घड्याळजींनी हट्ट सोडला नाही. उलट रोज संध्याकाळी ते मुद्दाम शिंप्याच्या दुकानावरून जाऊ लागले. जाताना एकदा, येताना एकदा. मान सरळ. खिडकीतून शिंप्याला तो बूट दिसला आणि मशिनची सुई त्याच्या बोटात गेली.

"मला तपकिरी घेऊ दिला नाही कधी," तो बोट तोंडात घालून बायकोला म्हणाला. "आणि आता हे चालतं."

बायको म्हणाली, की आता तरी जाऊन खरे काय ते सांगा. शिंपी म्हणाला, की सांगून पटणार नाही. बैठकीत सगळ्यांच्या देखत चालतच जातो. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. बघितल्यावर सगळे आपोआप कळेल.

"अहो, तुम्हाला अजून वळता येत नाही."

"वळायचंय कुठे? सरळच तर जायचंय."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. कारखान्यात दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालायला शिकवत. शिंपी त्यात तरबेज झाला होता. पण टोकाला गेल्यावर दांडी धरून वळायचे असे, दांडी धरूनच थांबायचे असे. बिनदांडीचे वळणे आणि थांबणे हा पुढचा धडा होता. तो व्हायचा होता.

बैठकीच्या दिवशी शिंप्याने नवी पँट घातली. व्हरांड्याच्या दाराशी येऊन कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आत बाकावर बरीच मंडळी होती आणि मध्यावर घड्याळजी, पांढरा बूट पुढे काढून. शिंप्याने मनात देवाचे नाव घेतले आणि पाऊल टाकले. मग दुसरे टाकले. चहाचा कप कोणाच्या तरी ओठाशी तसाच राहिला. शिंपी दोन्ही हात मोकळे सोडून, छाती काढून, सरळ रेषेत येत होता. घड्याळजींनी मान वर केली.

"घड्याळजी," शिंपी येता येता म्हणाला, "मी तुम्हाला सांगणारच होतो..."

आणि तो त्यांच्यासमोरून पुढे निघून गेला.

थांबायचे त्याच्या मनात फार होते. पण थांबलो तर पडू, चालत राहिलो तर तरू, असे त्याला आतून स्पष्ट कळत होते. तो तसाच बाकाच्या टोकापर्यंत गेला, तिथून पुढे गेला आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही तळहात टेकून उभा राहिला. मंडळींकडे त्याची पाठ होती. नाकासमोर चुना होता. आता इथवर आलोच आहोत तर बोलून घ्यावे, असे त्याने ठरवले.

त्याने भिंतीला सगळे सांगितले. दुसरा उजवा कोणी नाही. गिऱ्हाईक नाही. बूट पॉलिशला नेला तो पायासाठी. कापड बेतायला दोन हात लागतात म्हणून पाय केला. सांगितले नाही, कारण ज्यांना पाय मानवला नाही त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचे. "तुम्ही म्हणायचात ना, दोन पायांच्यात गेला," तो चुन्याला म्हणाला. "मला कुठे जायचं नव्हतं. मला नुसती पँट बेतायची होती."

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग घड्याळजींचा आवाज आला.

"हे सगळं इकडे तोंड करून सांगता येत नाही का?"

"नाही," शिंपी म्हणाला. "वळायचं अजून शिकवलेलं नाही."

घड्याळजी उठले. कुबड्या टेकत भिंतीपाशी गेले, एक कुबडी काखेत दाबून धरली आणि शिंप्याचा खांदा धरून त्याला सावकाश फिरवला, किल्ली देतात तसा. दोघे समोरासमोर आले. घड्याळजींनी उजव्या बुटाकडे बराच वेळ पाहिले.

"हाच का तो?"

"हाच."

"माझ्या बुटात जाऊन आला तो?"

"एकदाच," शिंपी म्हणाला.

घड्याळजींनी घसा साफ केला. आपण काय काय समजलो होतो, हे आता बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता, आणि पायात पांढरा बूट असताना ते बोललेले शोभलेही नसते. शिंप्याने त्या बुटाकडे बघून विचारले, की त्याचे आता काय. घड्याळजी म्हणाले, की शब्द दिला आहे, झिजेपर्यंत घालावा लागेल. तुमचा बूट कधी झिजला आहे, असे शिंपी म्हणाला. घड्याळजी मित्राला धरून बाकाकडे न्यायला लागले आणि अर्ध्या वाटेत थबकले.

"काय वाजतंय हे?"

पाऊल टाकले की पायातून बारीकसा आवाज येत होता. किट्. शिंपी म्हणाला, की ते तसेच असते म्हणाले.

"कोण म्हणालं?"

"कारखान्यातले."

"तसंच कसं असेल?" घड्याळजींच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "जे फिरतं त्यानं असं वाजता कामा नये. खाली बस."

शिंपी बसला. घड्याळजींनी पाय सोडवून मांडीवर घेतला, बूट काढून बाजूला ठेवला, वरच्या खिशातून भिंग काढून डोळ्याला लावले आणि घोट्यापाशी वाकले. बारीक पेचकस त्यांच्या खिशात असेच. एक स्क्रू निघाला, मग दुसरा. मंडळी भोवती गोळा झाली. ज्यांना ज्यांना पाय होते, त्यांनी आपापला पाय किती वाजतो ते सांगायला सुरुवात केली. एकाने तर सोडायलाच घेतला. घड्याळजींनी मान वर न करता हाताने सगळ्यांना मागे सरकवले. म्हणाले, की एक वॉशर खालपर्यंत घासला गेलाय. इथे होणार नाही, दुकानात न्यावा लागेल. आणि रुमाल पसरून त्यांनी पाय त्यात बांधला.

शिंप्याच्या तोंडचे पाणी पळाले. "मग मी घरी कसा जाऊ?"

"आलास तसा. कुबड्या कुठेत?"

कुबड्या दाराशी नव्हत्या. सगळ्यांनी ताईंकडे पाहिले. ताई जराशा ओशाळल्या. बैठकीला पहिल्यांदाच आलेली एक आजी कधीची कुबड्यांसाठी थांबली होती, शिंपी ताठ चालत आत येताना ताईंनी पाहिला आणि दाराशी तो जोड नुसताच टेकून उभा होता. आजी त्या घेऊन गेलीसुद्धा. फार आनंदाने गेली. "मला वाटलं, तुमचं काम झालं," ताई म्हणाल्या. कपाट उघडून पाहिले, पण त्यात त्या दिवशी अंघोळीची स्टुले तेवढी होती.

शेवटी जे निघाले ते असे. घड्याळजींच्या दोन कुबड्या दोघांनी वाटून घेतल्या. शिंपी डाव्या बाजूला उभा राहिला, घड्याळजी उजव्या बाजूला. बाहेरच्या अंगाला एकेक कुबडी, आत एकमेकांच्या खांद्यावर हात. घड्याळजींच्या गळ्यात रुमालात बांधलेला पाय लोंबत होता. खाली एक काळा बूट, एक पांढरा. पहिले पाऊल कोणी टाकायचे यावरून फाटकापर्यंत त्यांचे जमेना. शिंपी म्हणे काळ्याने सुरुवात करू. घड्याळजी म्हणत, की बक्कलाचा बूट आधी उचलावा लागतो, तो जड आहे. ताई व्हरांड्यातून बघत होत्या. मग एकदाचे जमले आणि दोघे रस्त्याला लागले.

वळणावर शिंपी दम घ्यायला थांबला. घड्याळजींच्या खांद्यावर भार टाकून त्याने त्या रुमालाकडे पाहिले.

"पाय मिळेल कधी?" त्याने विचारले. "टेबलावर दोन पँटी बेतायच्या पडल्यात."

घड्याळजींनी रुमालाची गाठ चाचपली आणि ती आणखी घट्ट केली.

"नाजूक काम आहे. सांगता येत नाही," ते म्हणाले. "रोज येऊन विचारून जात जा. आणि घाई असेल, तर बघ दुसरा कोणीतरी. तुला सवय आहे."